श्वास काढलेली गाणी

"ही बाई श्वास कधी घेते हो?" असं खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं आणि चष्मेवाल्याच्या चिमटीतली काच फ्रेमच्या खाचेत बसायची ती टणकन फरशीवर पडली. फुटली नाही, नुसती घरंगळत कपाटाखाली गेली. गिऱ्हाईक म्हणजे लोकांना पोहायला शिकवण्यात उभा जन्म घालवलेला एक धिप्पाड म्हातारा होता. डोळे तपासताना घालतात ती जड, गोल फ्रेम नाकावर चढली की भलाभला माणूस बावळट दिसतो, तसा तोही दिसत होता. पण कान शाबूत होते. कोपऱ्यातल्या फळीवर रेडिओ चालू होता. कालच बाजारात आलेल्या निवडक गाण्यांच्या संग्रहातलं हे गाणं, असं निवेदिकेनं आधी सांगितलं होतं आणि गायिकेचं नावही घेतलं होतं: मखमल. एरवी हे नाव कानावर पडायचा अवकाश, चष्मेवाला काहीतरी निमित्त काढून फळीपाशी जायचा आणि बटण फिरवायचा. इतक्या वर्षांत त्याचा हा नेम चुकला नव्हता. आज एका हातात काचांची पेटी आणि दुसऱ्या हाताखाली म्हाताऱ्याची हनुवटी, त्यामुळे जाता आलं नाही, आणि ऐकूनही न ऐकण्याची जी कला त्यानं लहानपणापासून कमावली होती, तिच्या भरवशावर तो "आधीचं बरं, की हे?" असं विचारत काचा बदलत राहिला होता. "नाही, गाते झकास," म्हातारा म्हणाला, "पण मला कसंतरीच व्हायला लागलंय. मी आयुष्यभर दुसरं काय बघितलं? पोरगं तोंड वर कधी काढतं आणि हवा कधी घेतं. ही बाई खाली गेली ती वर आलेलीच नाही." चष्मेवाला गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होता. तिथं, धुळीत जवळजवळ गाल टेकून, त्यानं पहिल्यांदाच कान दिला. आवाज एक ओळ संपवत होता, दुसरी सुरू करत होता, आणि दोन ओळींच्या मध्ये काहीच नव्हतं. घासूनपुसून पालथी घातलेल्या बशीत असतं तेवढंच. "आता कसं दिसतंय?" त्यानं उठून विचारलं. "दिसतंय छान," म्हातारा म्हणाला, "ऐकू येतंय त्याचं सांगा."

सांगायचं काय? मखमल म्हणजे माझी आई, हे तो कुणाला सांगत नसे. सांगितलं की लोकांचे चेहरे उजळायचे, त्यांच्या लग्नाआधीच्या संध्याकाळी त्यांना आठवायच्या, आणि मग तो ठरलेला प्रश्न यायचा: "अजून गातात का?" त्यावर "आता वय झालं" एवढंच म्हणायचं. गळ्यातला रोग काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि हवा जायला-यायला गळ्याच्या खळग्यात एक भोक ठेवलं, हे सांगण्यासारखं नव्हतं. त्या भोकावर ती जाळीचा रुमाल बांधायची. बोलायचं झालं तर रुमालावरून बोट दाबायची आणि मग आतल्या झडपेतून शब्द यायचे, फरशीवरून खुर्ची ओढावी तशा आवाजात. शब्द ती मोजकेच वापरायची. श्वास मात्र मोजके वापरता येत नाहीत. ते दिवसरात्र त्या भोकातून शिट्टी घालत, कधी ओले, कधी कोरडे, यायचे आणि जायचे. सगळं घर त्या आवाजाभोवती राहत होतं. भिंतीपलीकडे तो थांबला तर चष्मेवाला झोपेतून उठून बसायचा, आणि चालू असला तर त्याला झोप लागायची नाही. असं दोन्हीकडून.

आणि आज संध्याकाळी आई ती गाणी ऐकणार होती. संग्रहाची पेटी घरी येऊन आठवडा झाला होता. दोन तबकड्या, वर तिचा तरुणपणीचा फोटो, डोळे मिटलेले आणि हनुवटी वर. तिनं पेटीवरचं कागदाचं आवरणही काढू दिलं नव्हतं. तबकडी वाजवायचं जुनं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं ते आज परत येणार होतं, आणि ऐकायचं तर त्याच यंत्रावर, असा तिचा हट्ट. शस्त्रक्रियेनंतर तिनं स्वतःचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. सुरुवातीला कंपनीचा माणूस घरी आला होता, तेव्हाच म्हणाला होता की नमुने पाठवतो, तुम्ही पसंत केल्याशिवाय एक अक्षर छापणार नाही. तेव्हा आईनं गळ्यावर बोट ठेवून मुलाकडे मान केली. "हा ऐकेल. मी ऐकलं की नुसत्या चुका दिसतात. याची पसंती ती माझी." त्याला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "ऐकेन की." नमुने आले, ड्रॉवरमध्ये गेले, त्यांच्यावर चष्म्यांची रिकामी घरं पडली. कंपनीचा फोन आला तेव्हा त्यानं "छान झालंय, अप्रतिम झालंय" असं सांगून टाकलं. आईलाही तेच सांगितलं. "ऐकलंस?" तिनं विचारलं होतं. "हो तर," तो म्हणाला होता, आणि खोटं बोलणाऱ्याची हौस दांडगी असते म्हणून वर जोडलं होतं, "दोनदा."

पण नुसतं न ऐकणं एवढाच त्याचा गुन्हा असता तर निभावलं असतं. त्याला तो दवाखान्यातला दिवस आठवला आणि म्हाताऱ्याच्या चष्म्याचा नंबर कागदावर लिहिताना हात थांबला. आईला महिन्याच्या तपासणीला नेलं होतं. बसायची खोली शांत होती, खुर्च्यांच्या रांगा, सगळे आपापल्या फोनमध्ये. त्या शांततेत आईचा श्वास शिट्टी घालत होता. लोक वर बघायचे, कळलं की सभ्यपणानं खाली बघायचे, आणि ते खाली बघणंच त्याला जास्त बोचायचं. एका लहान मुलीनं सगळ्यांच्या वतीनं विचारून टाकलं, "आई, त्या आजीच्या गळ्यात काय वाजतंय?" नेमका तेव्हा फोन आला. जुन्या टेपवरची खरखर काढून गाणी स्वच्छ करणारा तो माणूस होता, थट्टेखोर. स्वतःला गाण्यांचा धोबी म्हणवून घ्यायचा. "एक विचारायचं होतं," धोबी म्हणाला. "आईंचे श्वास फार मोठे आलेत हो. माईक अगदी ओठांशी धरायच्या वाटतं. टेपच्या खरखरीत खपून जायचं, आता स्वच्छ केल्यावर अंगावर येतात. ठेवू की काढू? हल्ली बहुतेक जण काढतात." शेजारी ती शिट्टी चालू होती. ती मुलगी अजून बघत होती. "काढा," तो म्हणाला. "सगळे काढा." हे इतकं मोठ्यानं गेलं की दोन-चार माणसं परत वर बघायला लागली. आईनं भुवया उंचावून विचारलं, कुणाचा? "दुकानाचं काम," तो म्हणाला. "अक्षरांचे जुने तक्ते काढायचेत. पिवळे पडलेत." तिनं मान डोलावली आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसली. त्या वेळी त्याला वाटलं होतं की आपण तिच्यासाठी काहीतरी चांगलं केलं. निदान त्या गाण्यांत तरी ती बिनशिट्टीची राहील.

म्हातारा गेल्यावर त्यानं दुकानाच्या दाराला 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी अडकवली आणि धोब्याला फोन लावला. श्वास परत घालता येतात का, हा प्रश्न विचारताना आपण किती मूर्ख दिसत असू हे त्याला कळत होतं. "साहेब, छापून झालं, दुकानांत गेलं," धोबी म्हणाला. "लोकांना आवडतंय. स्फटिकासारखं लागतंय म्हणतात. तुम्हीच तर सगळे काढा म्हणालात, एरवी मी दोन-चार ठेवतो." मग तो स्वतःच जरा नरमला. "फेकलेले नाहीत. मी काही फेकत नाही, सवयच आहे. सगळे श्वास एकापुढे एक लावून वेगळे ठेवलेत. पाठवू? पण त्याचं तुम्ही करणार काय?" ते चष्मेवाल्यालाही ठाऊक नव्हतं. तरी तो म्हणाला, "पाठवा."

तपासणीच्या खोलीचं दार लावलं की आत पूर्ण काळोख होतो, फक्त समोरच्या तक्त्यावरची अक्षरं उजळलेली राहतात. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि त्यानं कानांत फोनची बोंडं घालून धोब्यानं पाठवलेलं लावलं. आधी त्याला वाटलं, भिंतीपलीकडचं ते रोजचंच ऐकू येणार. पण ते रोजचं नव्हतं. तोंडातून, नाकातून, दातांमधून आत जाणारी भरगच्च हवा होती ती, एकामागून एक, एकामागून एक, आणि मध्ये गाणं नव्हतं. एक श्वास घाईचा होता, दारात उभं राहून चप्पल घालताना घेतात तसला. एकाच्या आधी ओठ सुटल्याचा आवाज होता. एक दोन टप्प्यांत भरून घेतलेला होता. एकात हसू होतं, बहुतेक वादकांपैकी कुणीतरी चेष्टा केली असावी. एक श्वास आत जाता जाता थरथरला आणि त्याच्यानंतर काहीच आलं नाही, दुसराच श्वास आला. कुठला कुठल्या गाण्याचा हे त्याला कळायचं कारण नव्हतं, गाणी त्यानं ऐकलीच कुठं होती? पण चौथा की पाचवा श्वास चालू असताना त्याला खुर्चीत आपलं अंग वर उचललं गेल्यासारखं वाटलं. हाताशी काही नव्हतं म्हणून त्यानं खुर्चीचे दांडे धरले. पुढच्या श्वासाला पुन्हा तसंच. आणि मग तक्त्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली आणि त्याला ती फरशी दिसली.

जुन्या घराची ती गार फरशी. सकाळी आई तिच्यावर सतरंजी टाकून उताणी झोपायची आणि हाक मारायची, "माझं वजन कुठंय?" वजन म्हणजे हाच. श्वास पोटातून घ्यायचा सराव म्हणून पोटावर काहीतरी जड ठेवून तो घ्यायचा, असं तिला कुणीतरी शिकवलं होतं, आणि घरात जड असं हे एवढंच होतं. तो तिच्या पोटावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा. ती हवा आत घ्यायची आणि तो वर जायचा. ती दातांतून बारीक 'स्स्स' करत सोडायची आणि तो सावकाश खाली यायचा. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं जड व्हायचं. त्या वेळात ती कुणाचीच नसायची, त्याची असायची. दिवसभरात दुसऱ्या कुठल्याही वेळी ती त्याची नव्हती. घरात गाणं नव्हतंच. गळा जपायचा म्हणून ती घरात कुजबुजायची, रागवायची झाली तरी कुजबुजत, त्यामुळे तिच्या रागाला कुणी भ्यायचं नाही. अंगाई म्हणून त्याला बाबा वर्तमानपत्र वाचून दाखवत. आवाज सगळा बाहेरच्यांसाठी राखून ठेवलेला, घरच्यांच्या वाटणीला उरलंसुरलं. फक्त सकाळी ते पोट, तो श्वास. आपण हलके ठरू या भीतीनं तो सतरंजी पडायच्या आधी दोन पेले पाणी पिऊन घ्यायचा. एकदा खिशात अंगणातले दगड भरून बसला होता. तिला कळलं असणार, ते टोचलेच असणार, पण ती काही बोलली नाही, त्या दिवशी फक्त श्वास जास्त खोल घेतले. मग तो वाढला. एका सकाळी तिनं हाक मारली नाही. त्यानं दाराआडून पाहिलं तर तिच्या पोटावर टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी होती आणि ती डिरेक्टरी वर जात होती, खाली येत होती. आजही, पन्नाशी उलटलेल्या, बऱ्यापैकी दुकान चालवणाऱ्या माणसाला त्या डिरेक्टरीचा हेवा वाटला.

गाणं ऐकायचं नाही हे त्यानं त्यानंतरच ठरवलं असेल, किंवा ठरवलंही नसेल, होत गेलं असेल. तिची गाणी परदेशात 'सोल' म्हणतात त्या धाटणीची, पितळी वाद्यांची, खालून ढकलत नेणाऱ्या ढोलाची, आणि वर एका बाईचं मनापासूनचं आर्जव. सर्वांत गाजलेलं गाणं 'थांब ना' असं होतं. पडद्यामागे एका उलट्या खोक्यावर बसून हा पोरगा ते पाठीकडून बघायचा: आई झगझगीत कपड्यांत, समोर काळोख, आणि ती त्या काळोखातल्या कुणालातरी जीव तोडून सांगतेय, थांब ना, एवढ्यात जाऊ नकोस. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच आई याचा हात सोडवून पुढच्या गावाच्या गाडीत बसायची. त्याला वाटायचं, इथं थांबायला सगळे तयार बसलेत, मग ही सांगतेय कुणाला? तो कानांत बोटं घालायचा. बोटं घातली तरी एक गोष्ट दिसायची, कारण तो मागून बघत होता: प्रत्येक ओळीच्या आधी तिच्या कपड्यांची पाठ कमरेपाशी रुंद व्हायची. तेवढं तो बघत बसायचा. म्हणजे गाणं त्यानं कधी ऐकलं नाही आणि श्वास कधी चुकवला नाही. आणि काढा म्हणून सांगितलं ते नेमकं तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्यानं कानांतली बोंडं काढली. बाहेर कुणीतरी पाटी न वाचता दार ठोठावत होतं.

घरी परतताना त्यानं नाना बेत केले. यंत्राची सुई वाकवून ठेवावी. तबकडीला ओरखडा पडलाय म्हणावं. कंपनीनं चुकीचा माल पाठवला, आपण फसलो, असा आरडाओरडा करावा. कंपनी काही उठून घरी येणार नाही. फोनमधले श्वास तबकडीच्या जोडीला वाजवावेत असाही एक वेडगळ विचार येऊन गेला आणि त्याचं त्यालाच रस्त्यात हसू फुटलं, तसा शेजारून चाललेला माणूस दोन पावलं लांब सरकला. खरं सांगावं हा बेत सगळ्यांत शेवटी सुचला आणि सगळ्यांत आधी बाद झाला. खरं सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? श्वास काढले हे सांगितलं तर का काढले हे येणार. ऐकलं तेव्हा का नाही कळलं हे येणार. 'दोनदा' येणार. एक दोरा ओढला की अख्खा स्वेटर उसवणार, आणि तो स्वेटर त्यानं पन्नास वर्षं अंगात घातला होता.

स्वयंपाकघरात बायको भांडी पुसत होती. "यंत्र आलंय," ती म्हणाली. "तुझ्या आईनं दुपारपासून तीनदा कपडे बदललेत. कार्यक्रमाला जायचं असल्यासारखं चाललंय. मला केस विंचरायला लावले." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "काय झालं?" तो म्हणाला, "ती गाणी पसंत करायची होती ना, ती मी ऐकलीच नव्हती." "ठाऊक आहे," बायको म्हणाली. "पाकीट बंदच्या बंद आहे ड्रॉवरमध्ये. घड्याळाचे सेल शोधताना दिसलं." "मग बोलली का नाहीस?" "तुझं आणि तुझ्या आईचं त्या गाण्यांवरून जे काय आहे, त्यात मी कधी पडले? तुम्हा दोघांत पडायचं म्हणजे दोन भिंतींमध्ये पडायचं." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. त्यानं श्वासांचंही सांगितलं, दवाखान्यातलं, धोब्याचं. "कळेल रे तिला," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या ओळीला कळेल. आधी जाऊन सांग तरी." तो सांगायला म्हणूनच बाहेरच्या खोलीत गेला.

आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत ताठ बसली होती. निळे कपडे, गळ्याला नवी जाळी, पायांत बूटसुद्धा. पेटीवरचं आवरण तिनं काढलं होतं आणि पहिली तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलून धरली होती, बोटांचा ठसा उमटू न देता, सवयीनं. तिची शिट्टी आज जोरात होती. घाबरली की ती तशी व्हायची. म्हणजे आई घाबरली होती. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं पाठ करून आणलेलं पहिलं वाक्य गळपटलं. "आई, थांब," तो म्हणाला. "त्याआधी एक सांगायचंय." तिनं मान हलवली, नंतर, आणि तबकडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती यंत्रावर ठेवली. मग सुई टेकवली. थोडी खरखर झाली, पितळी वाद्यं उठली, आणि आईचा आवाज खोलीत आला.

थांब ना, आवाज म्हणाला. तिनं डोळे मिटले. तो उभाच होता, तिच्या चेहऱ्याकडे बघत, न्यायाधीशाकडे बघावं तसा. पहिली ओळ संपली. तबकडीवर ती धुतलेली, रिकामी जागा आली, आणि त्या जागेत खुर्चीतून श्वास आला. ओला, शिट्टी घालणारा, गळ्याच्या भोकातून आत गेलेला. लगेच दुसरी ओळ सुरू झाली. योगायोग असेल, त्याला वाटलं, माणूस श्वास घेणारच. दुसरी ओळ संपली आणि पुन्हा तो आला, अगदी तिथं, ना आधी ना नंतर. आईचे खांदे हलत नव्हते. पोट पुढं येत होतं, कपड्यांची निळी घडी कमरेपाशी रुंद होत होती. तिला ठाऊक होतं असंही नाही. डोळे मिटलेले, चेहरा निवांत, आणि अंग आपलं काम करत होतं, चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं तसंच. कडव्यात एक लांबलचक ओळ होती, तिच्या आधी तिनं हवा दोन टप्प्यांत भरून घेतली, आणि त्या दोन टप्प्यांसरशी त्यानं तो ओळखला, काळोखात बसून दुपारी त्यानं नेमका हाच ऐकला होता. तो घाईचा तिसऱ्या कडव्यापाशी आला. तो हसू असलेला आला, आणि आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसूही आलं, कोण जाणे कुठल्या वादकासाठी. आणि शेवटच्या 'थांब'च्या आधी तो थरथरलेला. दुपारी त्याच्यापुढं काही आलं नव्हतं. आता त्याच्यापुढं आवाज आला, वर गेला, तिथं राहिला, आणि चष्मेवाल्याला कळलं की हे गाणं किती सुंदर आहे. स्वयंपाकघराच्या दारात बायको फडकं हातात घेऊन उभी होती.

गाणं संपलं. त्यानं सुई उचलली. आईनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, आणि बोट गळ्यावर नेलं. "तर हे होते," त्या ओढलेल्या खुर्चीच्या आवाजात ती म्हणाली, "तुझ्या दुकानातले जुने तक्ते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आई, मला वाटलं," तो म्हणाला, आणि काय वाटलं ते त्याला आयत्या वेळी बनवता येईना. "मला लाज वाटली. त्या दिवशी सगळे बघत होते. मला लाज वाटली तुझी." आईची शिट्टी तेवढी चालू होती. "मलाही वाटते," ती म्हणाली. मग बोट मांडीवर, आणि पुन्हा गळ्यावर. या वेळी तिनं मान तिरकी केली आणि दुकानात बसल्यासारखा, त्याचाच सूर काढला. "आधीचं बरं, की हे?"

"आधीचं मी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. कधीच नाही."

"माहीत होतं मला," आई म्हणाली. तिला दम लागला होता, एवढं सलग ती बोलत नसे. तिनं थांबून हवा भरून घेतली. "म्हणून तर ते काम तुला दिलं होतं."

बायको दारातून आत निघून गेली आणि आत नळ जरा जास्तच जोरात सुरू झाला. आईनं यंत्राकडे बोट दाखवलं, परत लाव. त्यानं सुई तबकडीच्या कडेला नेली. मग तिनं त्याला खुणेनं नव्हे, तोंडानं बोलावलं, बोट गळ्यावर दाबून. "वजन," ती म्हणाली, "इकडे ये." टेलिफोनची डिरेक्टरी आल्यापासून या नावानं त्याला कुणी हाक मारली नव्हती. तो गेला आणि तिच्या खुर्चीशी फरशीवर बसला. गुडघे वाजले. तिनं त्याचा हात उचलून आपल्या बरगड्यांच्या खाली, निळ्या कपड्यांवर ठेवला आणि वरून आपल्या हातानं दाबला, हलायचं नाही असा. खरखर झाली, वाद्यं उठली. आधी हात वर गेला आणि मग आवाज आला.